उत्प्रेरक काम करत असतानाच का तपासावा? : पाण्याचे विघटन आणि क्ष-किरण शोषण

२५ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत हरित हायड्रोजनवर चालणारी बस सुरू झाली. असा हायड्रोजन सौर किंवा पवनविजेने पाण्याचे विघटन करून मिळतो. २५° सेल्सिअसला त्यासाठी सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट पुरतात; प्रत्यक्षात जास्त लागतात आणि तेवढी वीज वाया जाते. मोठा अडथळा धनाग्रावर असतो, कारण ऑक्सिजनचा एक रेणू बनताना चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. अल्कधर्मी द्रावणात हे काम निकेल-लोह संयुगे चांगले करतात.

समजा, तुम्ही धनाग्रावर निकेल हायड्रॉक्साइडचा थर दिला. विभव वाढवला की त्याचे ऑक्सिहायड्रॉक्साइड होते. निकेल +२ वरून +३ किंवा त्याहून वरच्या अवस्थेत जाते. वीज बंद करून, थर धुऊन-वाळवून तपासला तर तो पुन्हा बदललेला असू शकतो. म्हणजे तपासला तो पदार्थ एक आणि काम केले ते दुसऱ्याने!

म्हणून क्ष-किरण घटावर चालू स्थितीतच सोडतात आणि त्यांची ऊर्जा हळूहळू वाढवतात. सुमारे ८३३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टला निकेलचे शोषण एकदम वाढते. ही शोषण-कडा होय. ऑक्सिडीकरण अवस्था वाढली की उरलेले इलेक्ट्रॉन अणुकेंद्राशी अधिक घट्ट बांधले जातात व कडा जास्त ऊर्जेकडे सरकते. कडेपुढच्या चढउतारांवरून बंधलांबी मिळते : निकेल-ऑक्सिजन अंतर सुमारे २.०५ वरून १.८८ अँगस्ट्रॉमवर येते. लोहाची कडा ७११२ ला असल्याने दोन्ही धातू वेगवेगळे पाहता येतात.

या ऊर्जेचे किरण साधारण १ मिलिमीटर पाण्यात एक-तृतीयांशाच्या आसपास उरतात. म्हणून घटाची खिडकी व पाण्याचा थर पातळ ठेवतात. ऊर्जा हवी तशी बदलता येणारे प्रखर किरण सिंक्रोट्रॉनमधून मिळतात. दिल्लीत बनवलेल्या नमुन्यासाठी देशातच इंदूरचा २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इंडस-२ उपलब्ध आहे.

एक सावधगिरी बाळगा. हा वर्णपट सर्व निकेल अणूंची सरासरी दाखवतो, अभिक्रिया मात्र द्रावणाला भिडलेल्या अणूंवरच घडते. त्यामुळे कडा सरकली एवढ्यावरून सक्रिय स्थान ठरवू नका. त्याच वेळी विद्युतप्रवाह व ऑक्सिजनही मोजा, आणि विभव खाली आणल्यावर कडा परत येते का ते पाहा.

विचार करा : ऑक्सिजनचे बुडबुडे सुटण्याआधीच कडा सरकली, तर तुम्ही काय निष्कर्ष काढाल?