इन्फ्रारेड सौना तापत नसेल, तर दोष आधी जोडणीत शोधावा

रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. अशा शहरात घाम काढण्यासाठी विजेची पेटी घरी आणणे अनेकांना विसंगत वाटेल. मात्र स्वेदनाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे १३ प्रकार सांगितले असून, त्यांपैकी जेन्ताक स्वेदासाठी मध्यभागी शेगडी असलेल्या वर्तुळाकार कुटीचे वर्णन आढळते. घरगुती इन्फ्रारेड सौनामध्ये शेगडीची जागा विजेवर तापणाऱ्या पॅनेलांनी घेतली आहे. म्हणूनच ‘सौना तापत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा वीजपुरवठ्यात किंवा जोडणीत सापडते.

हवेचे तापमान फसवे

फिनलंडच्या पारंपरिक सौनामध्ये हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापते. इन्फ्रारेड सौनामध्ये ती साधारणतः ४५ ते ६० अंशच असते, कारण अवरक्त किरण हवेऐवजी थेट शरीर तापवतात. त्यामुळे तापमापकावरील आकडा कमी दिसला, तरी प्रत्येक वेळी यंत्रात बिघाड असतोच असे नाही. थंडीच्या दिवसांत पेटी तापण्यास उन्हाळ्यापेक्षा अधिक वेळ लागणेही स्वाभाविक आहे.

विजेचा दाब

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. उष्णक दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात तापतो. म्हणजे दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास १८०० वॅटच्या पेटीला जेमतेम ११०० वॅट मिळतात. उन्हाळ्यात कूलर व वातानुकूलन यंत्रांचा भार वाढला की ही अडचण जाणवू शकते. याउलट, अमेरिकेतील १२० व्होल्टची पेटी येथे थेट जोडल्यास तिच्यावर सुमारे पावणेचार पट भार येऊन ती जळू शकते. १८०० वॅटची पेटी जवळपास ८ अँपियर प्रवाह घेते. त्यामुळे ६ अँपियरचे साधे सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड न वापरता १६ अँपियरचे स्वतंत्र सॉकेट द्यावे. प्लग हाताला गरम लागत असेल, तर वापर तत्काळ थांबवावा.

जोडणीचा क्रम

पेटी उभारण्यापूर्वी जमीन पाणसळीने तपासावी. तळ तिरका राहिल्यास भिंतींच्या कड्या जुळत नाहीत, दार नीट बसत नाही आणि फटीतून उष्णता निसटते. पावसाळ्यात लाकूड फुगूनही हाच अनुभव येतो. अशा वेळी दार ठोकून बसवण्यापेक्षा बिजागऱ्यांचे स्क्रू जुळवून घेणे योग्य ठरते. सामान्यतः प्रथम तळ, मग मागील व बाजूच्या भिंती, त्यानंतर बाक, पुढील भिंत आणि अखेरीस छप्पर असा क्रम असतो. छपरावर आणलेल्या तारा क्रमांकांनुसार जोडाव्यात. तापमान मोजणारा सेन्सर पॅनेलच्या अगदी जवळ बसला, तर पेटी तापण्याआधीच पुरवठा बंद होतो.

एकच पॅनेल थंड असल्यास

सर्व पॅनेल थंड असतील, तर पुरवठा, मुख्य खटका व नियंत्रण पेटी तपासावी. एकच पॅनेल थंड असेल, तर प्लग काढून त्याचा कनेक्टर घट्ट बसला आहे का, ते पाहावे. त्यानेही फरक न पडल्यास वायरमनकडून त्या पॅनेलची तार चालू असलेल्या, त्याच क्षमतेच्या पॅनेलच्या जागी जोडून पाहावी. तेथे ते तापले, तर दोष नियंत्रण पेटीत किंवा तिच्यापासून येणाऱ्या तारेत आहे. तेथेही थंड राहिले, तर पॅनेल किंवा त्याची तार निकामी झाली असे समजावे.

संरक्षण काढू नये

आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर ओलाव्यामुळे किंवा खराब झालेल्या आवरणामुळे वीज गळत असण्याची शक्यता असते. ती गैरसोय मानून हे उपकरण वगळणे, अर्थिंगची तार तोडणे किंवा उष्णतारोधक फ्यूजच्या जागी साधी तार घालणे जिवावर बेतू शकते. पेटीत बसलेल्या माणसाचे अंग घामाने ओले असते आणि ओल्या त्वचेतून विजेचा प्रवाह सहज जातो.

हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तसेच गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय सौना घेऊ नये. उन्हाळ्यात बाहेरून तापून आल्यावर लगेच पेटीत बसणेही टाळावे. पेटी दुरुस्त झाल्यानंतर पहिल्यांदा ती रिकामीच चालवून पाहणे हितावह ठरते.