पडलेल्या माणसाला बसतं करू नका

फोंडाघाटच्या बागांत आंबा काढताना किंवा माडावरून कुणी पडला, की धावून आलेली माणसं खाकेत हात घालून आधी त्याला बसतं करतात आणि रिक्षात घालून कणकवली गाठतात. त्यामागची माया खरी, पण त्या बसतं करण्यानेच माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. का, ते मज्जारज्जूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कळतं. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून काढलेला हा काप जेमतेम ५ मायक्रॉन जाडीचा. रंगवल्यावर मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग उठून दिसतो. त्याच्या पुढच्या शिंगात मोठ्या, कोनदार चेतापेशी असतात. फिकट केंद्रक, त्यात ठळक ठिपका, भोवती निस्सलचे जांभळे कण. कमरेकडच्या अशा एकेका पेशीचा धागा पावलापर्यंत, जवळपास मीटरभर जातो. भोवतालच्या पांढऱ्या भागात मेंदूकडे जाणारे नि मेंदूकडून येणारे धागे, बहुतेकांवर मायलिनचं वेष्टण.

आता जुनी इजा झालेल्या मज्जारज्जूचे दोन काप मायलिन निळं करणाऱ्या रंगाने रंगवून शेजारी ठेवा. इजेच्या वरच्या कापात संवेदना नेणारा मागचा पट्टा फिका पडलेला असतो, खालच्या कापात हालचालीचे हुकूम आणणारा बाजूचा. पेशीपासून तुटलेला धागा मरतो. पण खालच्या कापात पुढच्या शिंगातल्या पेशी बहुतेक शाबूत असतात! त्यांच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. पुढे काही आठवड्यांनी पाय आपोआप आखडतात, घरच्यांना सुधारणा वाटते. ती मात्र त्या पेशींची स्वतःची प्रतिक्षिप्त क्रिया असते.

हाताची तुटलेली नस दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते, मग मज्जारज्जूतला धागा का नाही? हातात श्वान नावाच्या पेशी वाट दाखवतात. मज्जारज्जूत मायलिनचे अवशेष आणि ताराकार पेशींचा व्रण वाट अडवतात. तुटायचं ते पडतानाच तुटलं, हेही नेहमी खरं नसतं. पुष्कळदा मणका मोडतो, रज्जू नुसता मुका मार खातो. मग वाकवताना सैल मणका त्याला चिरडतो. पुढच्या तासांत सूज येऊन रक्तपुरवठा घटतो, म्हणून उशीरही नको. तेव्हा श्वास चालू आहे ना ते पाहा, लगेच १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत डोकं-मान स्थिर धरा. हलवावंच लागलं तर चार-पाच जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून, एकदम कुशीवर वळवून सपाट फळीवर घ्या. काढणीच्या दिवसांत बागेत माणसाएवढी फळी आणि बांधायला पट्टे ठेवा.