टीएमटी ‘बॉर्डरलाइन’ आली, आता काय?

हल्ली आरोग्य तपासणीच्या अनेक पॅकेजमध्ये टीएमटी, म्हणजेच स्ट्रेस टेस्ट असते. रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन पॉझिटिव्ह’ असा शेरा दिसला की घरात धास्ती पसरते. कुणी लगेच अँजिओग्राफीचा आग्रह धरतो, तर कुणी ‘काही होत नाही’ म्हणत रिपोर्ट कपाटात ठेवून देतो. दोन्ही चूकच.

या चाचणीत सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि दर 3 मिनिटांनी वेग व चढ वाढवतात. 220 मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या किमान 85 टक्के ठोके गाठले जावेत, अशी अपेक्षा असते. पन्नाशीत हे मिनिटाला साधारण 145 होतात. श्रम करताना हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले, तर ईसीजीतील ‘एसटी’ हा भाग खाली सरकतो. तो 1 मिलिमीटर किंवा अधिक खाली जाऊन आडवा किंवा उतरता राहिला, तर चाचणी पॉझिटिव्ह मानतात. बदल त्याहून थोडा कमी असेल किंवा रेषा पुन्हा वर चढत असेल, तर सहसा ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा येतो.

पण रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही ही रेषा सरकू शकते. रक्तदाबामुळे जाड झालेला हृदयाचा स्नायू, रक्तक्षय, पोटॅशियमची कमतरता, डिगॉक्सिनसारखे औषध अशी त्याची कारणे असतात. स्त्रियांमध्ये असे फसवे निकाल अधिक दिसतात.

म्हणून रिपोर्ट कुणाचा, हे आधी पाहावे लागते. पस्तिशीतली, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन नसलेली स्त्री 10 मिनिटे त्रासाविना चालली असेल, तर धोका बहुधा कमी असतो. जिना चढताना छाती भरून येणारा साठीचा मधुमेही चौथ्या मिनिटालाच थांबला, तर तोच शेरा गंभीर ठरतो.

डॉक्टरांना विचारा: मी किती मिनिटे चाललो? अपेक्षित ठोके गाठले का? चालताना रक्तदाब घसरला का? ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे घेत असाल, तर तेही सांगा. शंका उरलीच, तर स्ट्रेस इको, थॅलियम स्कॅन किंवा सीटी अँजिओग्राफी यांतून पुढची तपासणी ठरते.

मात्र बसल्या जागी छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर रिपोर्ट शोधत बसू नका. 108 ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठा.