खड्ड्याचं झालं बेट

एक डॉलर. फ्लोरिडातल्या पाँटे व्हीड्रा बीचजवळची ४१५ एकर जमीन १९७८मध्ये पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या पदरात पडली ती एवढ्या किमतीत. नुसती दलदल होती, वर गच्च झाडोरा. टूरचे आयुक्त डीन बेमन यांना तिथे प्रेक्षकांच्या सोयीचं मैदान हवं होतं. गोल्फ बघायला गेलेल्याला एरवी पुढच्याच्या टकलापलीकडे दिसतं काय! आराखडाकार पीट डाय यांनी तळी खोदली, निघालेल्या मातीचे उंचवटे रचले. लोक उतारावर बसून खेळ बघू लागले, म्हणून टीपीसी सॉग्रास या क्लबचा हा 'स्टेडियम कोर्स'. तो खुला झाला १९८०मध्ये.

सतराव्या होलचं जगप्रसिद्ध बेट मात्र मुळात ठरलंच नव्हतं. तिथे चांगली वाळू लागली. बाकीच्या होलांसाठी ती उपसता उपसता भलामोठा खड्डा पडला. आता ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) करायचं कुठे? तोडगा सुचवला डाय यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी. त्या स्वतः उत्तम गोल्फपटू. म्हणाल्या, भोवती पाणीच राहू दे.

१९८२मध्ये 'द प्लेयर्स' स्पर्धा इथे पहिल्यांदा झाली आणि खेळाडू भडकले. ग्रीन इतकी टणक की चेंडू ठरेना. मोटारीच्या बॉनेटवर चेंडू थांबवणं आपल्याला कधी जमलेलं नाही, असा टोला जॅक निकलस यांनी हाणला. विजेता जेरी पेट याने तर बेमन आणि डाय या दोघांनाही तळ्यात ढकललं आणि पाठोपाठ स्वतःही सूर मारला. पुढे ग्रीनचे चढउतार सौम्य करावे लागले.

बेट तेवढं राहिलं. अंतर १३७ यार्ड, म्हणजे जेमतेम सव्वाशे मीटर. व्यावसायिकाला हातात वेज, म्हणजे कमी अंतराच्या फटक्याची काठी, पुरते. पण वारा फिरला की भल्याभल्यांची भंबेरी उडते. १९९९मध्ये फ्रेड कपल्सचा पहिला चेंडू पाण्यात गेला, पुन्हा त्याच जागेवरून मारलेला दुसरा थेट होलमध्ये. दंडाचा फटका धरूनही पार, म्हणजे होलसाठी ठरलेले तेवढेच फटके! २००५मध्ये बॉब ट्वेने चार चेंडू बुडवले आणि त्या एका होलला १२ फटके मोजले. १९९८मध्ये तर एका समुद्रपक्ष्याने ग्रीनवरचा चेंडू चोचीत उचलून पाण्यात टाकला. नियमानुसार तो दंडाविना जागेवर ठेवता आला, हे नशीबच.

२०२२मध्ये पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीला बरोबरीसाठी शेवटच्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) हवी होती, झाला पार. कॅमेरॉन स्मिथ एका फटक्याने जिंकला. लाहिरीला दुसऱ्या क्रमांकाचे मिळाले २१ लाख ८० हजार डॉलर.