मुंबईसमोरची जर्मन पाणबुडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंपळगाव बसवंतची द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून युरोपला जातात, ती व्यापारी जहाजांनीच. दुसऱ्या महायुद्धात याच अरबी समुद्रात अशा जहाजांवर टॉर्पेडो सुटत होते. हा इतिहास आपल्या दारचा आहे, म्हणून तो नीट माहीत असायला हवा.

गैरसमज : जर्मन पाणबुड्यांची लढाई अटलांटिकपुरतीच होती.
वस्तुस्थिती : हेल्मुट पिख यांच्या नेतृत्वाखालील ‘यू-१६८’ ही जर्मन पाणबुडी जुलै १९४३ मध्ये फ्रान्समधून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात आली. वाटेत ‘ब्राके’ या तेलवाहू जहाजाकडून तिने इंधन भरून घेतले. २ ऑक्टोबरला मुंबईच्या नैऋत्येला तिने ‘हाइचिंग’ हे ब्रिटिश व्यापारी जहाज बुडवले आणि पुढे जपानच्या ताब्यातील पेनांग गाठले.

गैरसमज : पाणबुडी सतत पाण्याखालीच असे.
वस्तुस्थिती : बहुतेक प्रवास पृष्ठभागावरूनच होई. वर डिझेल इंजिनांवर ती ताशी ३४ किलोमीटरपर्यंत धावे. पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम १३. बॅटरी चार्ज करायला वर यावेच लागे. विमानांची तिला धास्ती असे ती यामुळेच.

गैरसमज : गोव्यातल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन व्यापारी जहाजाने यू-१६८ला वाट दाखवली.
वस्तुस्थिती : मुरगावला ब्रिटिशांचा छापा पडला, तेव्हा ‘एहरेनफेल्स’ तिच्याच खलाशांनी बुडवली. तो दिवस होता ९ मार्च १९४३. यू-१६८ निघाली त्यानंतर चार महिन्यांनी.

गैरसमज : ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज जर्मनांनी बुडवले आणि मुंबई गोदीतला स्फोटही पाणबुडीनेच घडवला.
वस्तुस्थिती : मुंबईहून आफ्रिकेला निघालेल्या ‘तिलावा’वर २३ नोव्हेंबर १९४२ रोजी हल्ला केला तो जपानी पाणबुडी ‘आय-२९’ने. त्यात २८० जणांचा जीव गेला. १४ एप्रिल १९४४ चा स्फोट ‘फोर्ट स्टिकिन’वरच्या आगीमुळे झाला, त्या जहाजात कापसाबरोबर दारूगोळाही भरला होता.

गैरसमज : या सागरी युद्धात मेले ते गोरे सैनिक.
वस्तुस्थिती : ब्रिटिश जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे, डेकवर राबणारे हजारो खलाशी भारतीय होते, रत्नागिरीकडचे आणि गोव्याचेही. समुद्रात हरवलेल्या सुमारे साडेसहा हजार भारतीय नाविकांची नावे मुंबईच्या खलाशी निवासातील नोंदवहीत आहेत. तशीच दुसरी वही चितगावला आहे.

६ ऑक्टोबर १९४४ रोजी जावा समुद्रात ‘झ्वार्डव्हिस’ या डच पाणबुडीने यू-१६८ बुडवली. पिख वाचले, २३ जण गेले. पाणबुड्यांच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. आता खलाशांच्या त्या वहीतली नावे कोकणातल्या शाळांपर्यंत पोहोचली पाहिजेत.