देव शोधणाऱ्याचे घर

मुलगा परीक्षेत नापास झाला तर घर त्यास धीर देते. धंद्यात बुडाला तर बाप आपली पत टाकून त्यास वर काढतो. परंतु तोच मुलगा एके रात्री जेवणे आटोपल्यावर, "माझे मन येशू ख्रिस्ताकडे ओढ घेत आहे," असे बोलला, तर बहुतेक घरांतून पहिला प्रश्न कोणता निघतो? 'कोणी फूस लावली?' दुसरा, 'किती पैसे मिळाले?' आणि तिसरा, 'आता लोकांस तोंड कसे दाखवावे?' तुला देव कोठे भेटला, काय पाहून तुझे मन वळले, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत कोणी विचारीत नाही. या न विचारलेल्या प्रश्नातच पुष्कळ अनर्थाचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे.

देव शोधावयास निघालेला माणूस या आमच्या शहरास नवा नाही. छत्रपती संभाजीनगर, ज्यास आमच्यापैकी वडीलधाऱ्यांच्या तोंडी अद्याप औरंगाबाद हेच नाव आहे, त्याच्या भोवताली अर्ध्या दिवसाच्या वाटेवर किती मार्ग एकमेकांशेजारी नांदले ते पाहावे. वेरुळास बौद्ध, हिंदू व जैन लेणी एकाच डोंगरात कोरलेली आहेत. पलीकडे खुलताबादेस सूफी साधूंचे दर्गे आहेत. दक्षिणेस पैठण आहे. त्या पैठणचे एकनाथ लहान वयात, आजा-आजीस न सांगता घर सोडून, देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले, असे चरित्रकार सांगतात. म्हाताऱ्या माणसांनी त्या वेळी किती शोक केला असेल! तथापि नाथांस कोणी फूस लावली, असे आज कोणी म्हणत नाही. तळमळ खरी होती, हे आपण जाणतो. मग तीच तळमळ दुसऱ्या वाटेने गेली म्हणजे खोटी ठरते काय?

याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा घडलेल्या गोष्टींनी द्यावे, हे बरे. जालना १९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होते. त्या जालन्याशी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. हे ब्राह्मण कुळातील गृहस्थ. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता त्यांचे मन पालटले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला. बापाने कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. येथे बापाचा हक्क खरा होता, असेच आम्ही म्हणू. बारा वर्षांच्या मुलाने धर्म बदलण्याचा निश्चय करणे हे कोणत्याही पंथास शोभणारे नाही. परंतु पुढे काय झाले? मुलगा घरी आला, तरी जातीत येईना. त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी धैर्याने प्रतिपादन केले. आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणसमाजात दोन तट पडून मोठा कलह माजला. मिशनऱ्यांच्या घरून मुलास ओढून आणणारा समाज आपल्या घराचे दार मात्र त्याच्यासाठी उघडीना! बाळशास्त्री ख्रिस्ती नव्हते, ख्रिस्ती धर्माचे कैवारीही नव्हते. परत येणाऱ्यास घर असावे, इतकेच त्यांचे म्हणणे. आणि तेवढेच त्या काळी फार ठरले.

थोरले बंधू नारायणराव यांनी पुढे जालन्यास आपले कार्यक्षेत्र केले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या अनुकूलतेने जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ एक ख्रिस्ती गाव वसविले व त्याचे नाव 'बेथेल' ठेविले. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ 'देवाचे घर' असा आहे. ज्यांस गावकुसाबाहेर राहावे लागे, अशा मांग-महारांतील कुटुंबांस तेथे आसरा मिळाला. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत याच गृहस्थांनी भाषणे केली. तसेच औरंगाबादेत पारशी कुळातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने दीर्घकाळ काम केले. एक ब्राह्मण आणि एक पारशी. दोघांसही आपल्या समाजात मानाचे स्थान होते. ते सोडून त्यांनी मराठवाड्याची धूळ पत्करली, ती पैशाच्या लोभाने, असे म्हणणारा मनुष्य हिशेबात कच्चा आहे, एवढेच आमच्या व्यापारी वाचकांस सांगितले म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट ही, की हा शोध एका दिवसाचा नसतो आणि पाण्याने संपतही नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत त्यांचे कुटुंब हिंडले. दुष्काळात आईबाप गेले. पुढे भाऊ गेला, पती गेला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यामुळे त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. ज्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद मांडला: त्रैक्याचा अर्थ काय? चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे मुकाट्याने का मानावे? पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे, की कित्येक वर्षे आपला धर्म बुद्धीपुरता होता; अंतःकरणास शांती लाभली ती बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. एका पंथाची अंधाज्ञा सोडून दुसऱ्याची उचलणे, यास त्या शोध मानीत नव्हत्या. मुलींसाठी शारदा सदन व केडगावचे मुक्ती सदन काढणारी, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणणारी ही विदुषी कोणाच्या फुसलावणीने चालणारी होती, हे कोण मानील?

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. पुढे दोन वर्षे वाचन, विचार व पत्रव्यवहार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांनीच आपली वाट तयार केली, असे ते मानीत. परंतु हा निश्चय त्यांनी पत्नीस आधी विश्वासात न घेता अमलात आणला. आणि त्याचा घाव लक्ष्मीबाईंनी कसा सोसला हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊकच आहे. माहेरच्या माणसांनी त्यांस पंढरपुरास नेले. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या पतीकडे आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपली चूल, आपले सोवळे सांभाळून आल्या. टिळकांनी त्यांवर सक्ती केली नाही. हळूहळू, आपल्याच विचाराने त्यांचा जातिभेद गळून पडला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षे आम्हांस फार मोलाची वाटतात. एकाच छपराखाली दोन श्रद्धा नांदू शकतात, याची ती साक्ष आहे. १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यात जागा ठेविली, यात नवल नाही.

यावर कोणी म्हणेल, ही विद्वानांची उदाहरणे झाली. दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झालेल्यांचे काय? आक्षेप अगदी निराधार नाही. ज्वारीच्या पोत्याआडून उपदेश करणारे उपदेशक झाले असतील, आणि तसे करणे हा उपाशी माणसाचा व ख्रिस्ताचाही अपमान आहे. परंतु आक्षेप घेणाऱ्याने आधी एवढे सांगावे, की त्या माणसास गावच्या विहिरीवर पाणी का भरू दिले नाही? ज्यास आम्ही देवळाच्या पायरीवर उभे केले नाही, तो दुसऱ्याच्या प्रार्थनामंदिरात जाऊन बसला, तर रागावण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरास ती पूर्ण केली. मधली एकवीस वर्षे अनेक धर्मांचा विचार करण्यात गेली. दलित माणूस विचार करून धर्म निवडू शकत नाही, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे.

ख्रिस्ती मंडळींसही आमची सूचना आहे. बाप्तिस्म्याने जात सुटते असे तुम्ही सांगता. मग सोयरीक जुळविताना ती पुन्हा का आठवते? कायद्यानेही तुमचे म्हणणे एका परीने खरे धरले: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या, १९५६ त शिखांस व १९९० त बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांस मिळाल्या नाहीत. म्हणजे बिचाऱ्याची सवलत गेली आणि जात राहिली! हा दुहेरी तोटा निदान तुमच्या चर्चमध्ये तरी भरून निघावा. तसेच जिज्ञासू दाराशी आला तर त्यास घाई करू नये. त्याच्या घरच्यांस अंधारात ठेवू नये. आणि त्याच्या आईच्या देवघराची निंदा त्याच्या तोंडी घालू नये. जो आईच्या भक्तीस तुच्छ लेखू लागला, तो नव्या भक्तीसही लवकरच कंटाळेल.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिले आहे. परंतु अनुच्छेदास दिवाणखान्यात बसून बापाची समजूत घालता येत नाही. ते काम घरानेच केले पाहिजे. म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंती एवढीच. तुमच्या मुलाने किंवा सुनेने उद्या असे काही बोलून दाखविले, तर रागाने उठू नका. त्याचे पुस्तक मागून घ्या, वाचा, वाद घाला, चूक वाटेल ते स्पष्ट सांगा. त्यास वेळ मागा व वेळ द्या. अखेरीस त्याचा निश्चय कायम राहिला, तर त्याचे ताट पंक्तीतून उचलू नका. देव कोणास कोणत्या वाटेने भेटेल, हे ठरविणे आमच्या हाती नाही. शोधणाऱ्याच्या घराचा दिवा तेवत ठेवणे मात्र खचित आमच्या हाती आहे.