सासवड

सासवड हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील एक ऐतिहासिक शहर असून पुरंदर तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. कऱ्हा नदीच्या काठी वसलेले हे गाव संत सोपानदेवांचे समाधिस्थान आणि आळंदी–पंढरपूर पालखीमार्गावरील मुक्काम म्हणून प्रसिद्ध आहे.

स्थान

सासवड पुण्याच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर आहे. हडपसरहून येणारा रस्ता दिवे घाट चढून कऱ्हेच्या पठारावर येतो. हा परिसर पर्जन्यछायेतील असून अंजीर व सीताफळ यांच्या बागांसाठी ओळखला जातो.

इतिहास

संत ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांनी शके १२१८ (इ.स. १२९६) मध्ये मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस येथे समाधी घेतली. ज्ञानेश्वरांच्या समाधीस तेव्हा एक महिना झाला होता.

पेशवाईच्या प्रारंभी सासवडला राजकीय महत्त्व आले. स्थानिक पुरंदरे घराण्याचे पेशव्यांशी निकटचे संबंध होते. पेशवा बाळाजी विश्वनाथ यांचे १७२० मध्ये सासवड येथेच निधन झाले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७२८ च्या सुमारास आपले बिऱ्हाड पुण्यास हलवले. पुणे वाढत गेले आणि सासवड मागे पडले.

पालखी सोहळा

ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य एकादशीस पुण्याहून सासवडला येते. वारीतील हा सर्वांत लांब टप्पा मानला जातो. उपवासाच्या दिवशी वारकऱ्यांना दिवे घाट चढावा लागतो आणि रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्यामुळे येथील दोन रात्रींचा मुक्काम विश्रांतीचाही ठरतो.

द्वादशीस, थोरल्या भावाची पालखी गावात असतानाच, सोपानदेवांची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरांची पालखी जेजुरीकडे निघते. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या या पालख्या पंढरपूरच्या अलीकडे, भंडीशेगावजवळील टप्पा येथे पुन्हा भेटतात. या प्रसंगास ‘बंधुभेट’ म्हणतात. सासवडचा मुक्काम त्यामुळे केवळ सोयीचा थांबा राहत नाही. सात शतकांपूर्वीच्या भावंडांचे नाते वारकरी येथे दरवर्षी नव्याने जागवतात.

प्रेक्षणीय स्थळे

सोपानदेवांच्या समाधिमंदिराखेरीज नदीसंगमावरील संगमेश्वर आणि गावाबाहेरील चांगावटेश्वर ही दगडी बांधणीची शिवमंदिरे पाहण्यासारखी आहेत. बाळाजी विश्वनाथांची समाधीही येथेच आहे. पुरंदरे वाड्याची तटबंदी व बुरूज यांवरून त्याच्या गतवैभवाची कल्पना येते. नैर्ऋत्येस असलेल्या पुरंदर किल्ल्यावर १६५७ मध्ये संभाजी महाराजांचा जन्म झाला.

लेखक प्र. के. अत्रे यांचा जन्म १८९८ मध्ये सासवडजवळील कोडीत येथे झाला. त्यांच्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव याच नदीवरून मिळाले.

भेटीचा काळ

पुण्याहून सासवडला एस.टी. व इतर बससेवा उपलब्ध आहे. पालखीच्या काळात दिवे घाटातील वाहतूक वळवली जाते आणि गावात मोठी गर्दी असते. वारी अनुभवण्यास तो काळ योग्य होय. मंदिरांचे व वाड्याचे बारकाईने निरीक्षण करण्यास मात्र हिवाळा सोयीचा ठरतो.